विषय: रविवारी बडोद्याच्या कमाटीबागेत पक्षी बघायला – दुर्बिणी कोण आणतंय?

नाना, दांडिया बाजार
ठरल्याप्रमाणे पावणेसातला काळ्या घोड्याच्या पुतळ्यापाशी. नावं एकोणीस, दुर्बिणी चार. त्यातली एक बापूंची, म्हणजे साडेतीनच धरा. घरात पडून असेल तर कळवा. सर म्हणाले, ८×४२ बरी, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची.

बापू, रावपुरा
माझी अर्धी का? एक नळी धुरकट आहे, दुसरीतून छान दिसतं. आणि १०×५० आहे ती, जास्त मोठं दिसतं.

बंडू, मांजलपूर
मोठं दिसतं तसा हाताचा कंपही दहापट दिसतो. मागल्या खेपेला तुम्ही शिंजीर शोधेस्तोवर तो दुसऱ्या झाडावर गेला. आठपटीत जास्त परिसर मावतो, पक्षी पटकन सापडतो. शिवाय ४२ भागिले ८, म्हणजे सव्वापाच मिलिमीटरचा झोत डोळ्यात येतो. पहाटे तो लागतो.

बापू
५० भागिले १०, पाच. पाव मिलिमीटरसाठी एवढं?

माई, प्रतापनगर
भागाकार राहू द्या. पावणेसातला कशाला? या दिवसांत सूर्यच सव्वासातनंतर उगवतो. आणि विश्वामित्री नदीकडच्या वाटेने अंधारात मी येणार नाही. थंडीत मगरी ऊन खायला काठावर पडलेल्या असतात. गेल्या वर्षी नात म्हणाली, ‘आजी, ओंडका बघ’, आणि ओंडका पाण्यात उतरला.

नाना
माई, पावणेसात हे बडोद्याचं पावणेसात. सव्वासातला सगळे जमतील, मग चहा. काठावर कुणी उतरायचं नाही, पुलावरूनच बघायचं.

शैलाताई
यादी कुठल्या नावांनी करायची? सर ‘कलकलियो’ म्हणतात, मी खंड्या लिहिते, मुलगा किंगफिशर. मागे एकच पक्षी तीनदा मोजला गेला. तांबटाचं बरं आहे, गुजरातीतही कंसारो, म्हणजे कासार, धंदा जवळपास तोच.

बंडू
यादी या वेळी मी ठेवतो. मागचा आकडा ४१, त्यात नऊ झूच्या पिंजऱ्यातले.

शैलाताई
सहा वर्षं यादी मीच ठेवते आहे. वढवाण्याच्या तलावावर पट्टकादंब कुणी ओळखले होते? त्या तलावाला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, २०२१ला मिळाला, आपण त्याआधीपासून जातोय. पिंजऱ्यातले मी खाली वेगळे लिहिले होते, पान उलटून बघितलं असतंस तर.

माई
वढवाण्याला थालीपिठं मी केली होती. यंदा दुसऱ्या कुणीतरी करा.

बापू
लोणी मी आणतो.

नाना
दुर्बिणींचं कुणी बोलत नाही.

शैलाताई
बाबांची नाटकाला न्यायची आहे. तीनपट. चालेल?

नाना
आणा. झाल्या पावणेचार.