थीम पार्कमध्ये दिव्यांगांच्या पासवर अख्ख्या ग्रुपने आत जाणं बरोबर आहे का?

रानजाई

नमस्कार मंडळी. घरात एक वाद चाललाय आणि तो काही मिटेना, म्हणून इथे विचारतेय.

आम्ही भावंडं पोराबाळांसकट मिळून दहा जण एका मोठ्या थीम पार्कला जायचं ठरवतोय. माझा भाचा, म्हणजे ताईचा मुलगा, बारा वर्षांचा आहे आणि ऑटिस्टिक आहे. राइड्स त्याला जाम आवडतात, उंची वेग कशाचीच भीती नाही. पण रांग जमत नाही. म्हणजे थोडा वेळ जमते, पण पुढे मागे चिकटून माणसं, वर स्पीकर चालू, मधेच कोणाचा धक्का, असं झालं की तो कान दाबून खाली बसतो आणि मग त्यातून बाहेर यायला त्याला खूप वेळ लागतो, कधीकधी त्या दिवसाचं सगळंच तिथे संपतं. तर अशा मुलांसाठी पार्क एक पास देतात, त्यात रांगेत उभं न राहता ठराविक वेळेला वेगळ्या गेटने आत जाता येतं.

आता वाद असा की वहिनीचं म्हणणं एकत्र आलोय तर दहाच्या दहा जणांनी त्याच पासवर जावं. आणि दादा म्हणतो पासच घेऊ नये, बाकीचे लोक तास तास उभे असतात, त्यांचीही लहान मुलं असतात, त्यांच्यासमोरून आपण आत गेलो तर ते कोणत्या तोंडाने. ताईने हे ऐकलं आणि ती म्हणाली मग आम्ही येतच नाही. मला दोन्ही बाजू पटत नाहीयेत पण नेमकं कुठे चुकतंय ते सांगता येत नाहीये. ज्यांना अनुभव आहे किंवा जे अशा ठिकाणी काम करतात त्यांनी प्लीज सांगा.

चाकोरी

रानजाई, मी काही वर्षं एका पार्कमध्ये राइड ऑपरेशनला होतो त्यामुळे गेटच्या आतल्या बाजूने सांगतो. तुमच्या दादांना आणि वहिनींना दोघांनाही आधी हिशोब दाखवा, कारण यातला अर्धा राग हिशोब माहीत नसल्यामुळे असतो.

समजा एक राइड तासाला १००० माणसं घेते आणि रांगेत १००० उभे आहेत. मागचा माणूस एक तास थांबणार. आता बाजूच्या गेटने तासाला ३० पासवाले येतायत असं धरा. प्रत्येकाबरोबर धरून चार जण असतील तर १२० सीट तिकडे गेल्या, मुख्य रांगेला ८८० उरल्या, मागच्या माणसाचा तास ६८ मिनिटांचा झाला. आणि प्रत्येक पासवर दहा दहा जण आले तर ३०० सीट गेल्या, तोच तास ८६ मिनिटांचा होतो. पासवाले तेवढेच, ३०च. फरक कोणी केला? बरोबर आलेल्यांनी. म्हणून बहुतेक ठिकाणी पासवर माणसांची मर्यादा असते, आणि वहिनींचं म्हणणं मला म्हणून पटत नाही.

आता दादांसाठी. हे ८ मिनिटं जास्त म्हणतोय तेही पासवाले येतील तसे लगेच आत सोडले तर. पण बऱ्याच पार्कांत तसं नसतं. तुम्ही गेटवर किंवा अ‍ॅपवर जाता, तिथे वेटिंग ६० मिनिटांचं असेल तर तुम्हाला साधारण तासाभराने परत यायची वेळ देतात. म्हणजे मुलगा थांबतोच, फक्त त्या पिंजऱ्यात न थांबता बाहेर कुठेतरी थांबतो. रांगेतली त्याची जागा त्याच्याशिवाय पुढे सरकते. ज्या चार सीट त्यांनी घेतल्या त्या त्यांनी रांगेत उभं राहूनही घेतल्याच असत्या ना. त्यात एक फायदा असतो हे खरं, की मधल्या वेळात कमी गर्दीची दुसरी राइड करता येते, म्हणून एका वेळी एकच रिटर्न टाइम मिळतो, दोन ठिकाणचे एकदम नाही.

लोक का चिडतात तेही रोज बघितलंय. एमआयटीचे रिचर्ड लार्सन म्हणून आहेत, त्यांनी १९८७ मध्ये रांगा आणि न्याय यावर लिहिलं होतं, त्यात मुख्य गोष्ट हीच की माणसाला नुसतं थांबण्याचा जेवढा त्रास होतो त्याहून जास्त त्रास मागून आलेला पुढे गेला की होतो. रांगेतल्या माणसाला ती चार माणसं आत जाताना दिसतात. त्यांनी त्याआधी तासभर वाट बघितलीये ते दिसत नाही. पार्कने गेटवर साधं एक वाक्य लिहून ठेवलं की "इथून येणारे तेवढाच वेळ थांबून आलेत" तर निम्मे वाद मिटतील, मी हे आमच्याकडे सांगायचो.

उभा_प्रश्न

चाकोरी यांचा हिशोब मान्य पण सगळं इतकं सरळ नाहीये. या सवलतींचा गैरवापर होतो आणि भरपूर होतो. डिस्नेकडे आधी गेस्ट असिस्टन्स कार्ड होतं, ते दाखवलं की बऱ्याच राइड्सना जवळपास थेट आत. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका पेपरात बातमी आली की श्रीमंत लोक तासाच्या बोलीवर दिव्यांग गाइड भाड्याने घेऊन फिरतात, म्हणजे त्यांच्या नावाने आपलं कुटुंब पुढे काढायचं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते कार्ड बंद करून रिटर्न टाइमवाली पद्धत आणली. मग यात नुकसान कोणाचं झालं, ज्यांना खरंच गरज होती त्यांचंच.

म्हणून माझं मत असं की कागद मागा. डॉक्टरांचं सर्टिफिकेट असेल तर पास, नाहीतर रांग. प्रामाणिक माणसाला सर्टिफिकेट दाखवायला काय अडचण आहे? आणि रांगेतला माणूस पण पैसे देऊन आलाय, त्याची पाठ दुखत असेल, त्याच्या कडेवर झोपलेलं बाळ असेल, त्याचा विचार कोणी करत नाही.

सरळरेघ

मी व्हीलचेअर वापरते, लहानपणापासून. उभा_प्रश्न, तुमची चिडचिड कळते पण मला दोन तीन गोष्टी सांगायच्यात ज्या रांगेतून दिसत नाहीत.

पहिलं म्हणजे लोकांना वाटतं व्हीलचेअर म्हणजे सगळीकडे पहिला नंबर. उलट कित्येक राइड्सवर मीच जास्त थांबते. राइड मधेच बंद पडली तर जिना उतरून माणसं खाली आणायची असतात, त्यामुळे ज्यांना चालता येत नाही असे एका वेळी किती जण राइडवर असू शकतात त्याची मर्यादा असते. आधीचा उतरल्याशिवाय मला चढता येत नाही. शिवाय चेअरवरून सीटवर सरकायला वेळ लागतो, काही ठिकाणी त्यासाठी वेगळी गाडी असते आणि ती फिरून येईपर्यंत थांबायचं. हे मी तक्रार म्हणून नाही सांगत, सुरक्षेचा नियम योग्यच आहे.

दुसरं, मला वेगळं गेट नकोच असतं. मला रांगच अशी हवी की जिच्यात चेअर फिरेल. वळणावर रुंदी हवी, मधे पायऱ्या नकोत. नवीन बांधलेल्या राइड्समध्ये अशा रांगा असतात आणि तिथे मी सगळ्यांबरोबर उभ्या माणसांच्या रांगेत बसून जाते, मैत्रिणींशी गप्पा मारत, आणि ती माझी सगळ्यात आवडती वेळ असते. जुन्या ठिकाणी मात्र मागच्या दाराने, जिथून माल येतो त्या बाजूने नेतात. ते पटकन होतं, पण रांगेत जी सजावट असते, गोष्ट असते, ती आमच्या वाट्याला येतच नाही.

आणि तिसरं, दिवस सगळ्यांचा सारखा नसतो. तुम्ही सकाळी गेट उघडल्यापासून रात्रीपर्यंत फिरता. मला मधे आडवं व्हावं लागतं, स्वच्छ आणि मोठं टॉयलेट शोधण्यात वेळ जातो, दुपारनंतर अंगात त्राण राहत नाही. रांगेत दोन मिनिटं कोण पुढे गेलं हे मोजायचं तर दिवसाच्या शेवटी कोणाच्या किती राइड्स झाल्या हेही मोजायला हवं ना, त्यात आमच्यातले बरेचसे मागेच असतात.

मिठाचा_खडा

माझी मुलगी रानजाईंच्या भाच्यासारखीच आहे त्यामुळे हा धागा वाचून राहवलं नाही.

"सर्टिफिकेट दाखवायला काय अडचण" याबद्दल आधी. अडचण दाखवण्याची नाहीच, दाखवतोच आम्ही, शाळेत, प्रवासात, सगळीकडे दाखवतो. पण त्या कागदावर आजाराचं नाव असतं, रांगेत काय होतं ते नसतं. तेच निदान असलेला दुसरा मुलगा रांगेत दीड तास आरामात उभा राहील. आणि ज्याला आतड्याचा आजार आहे, केव्हाही टॉयलेटला पळावं लागतं, किंवा उभं राहिलं की चक्कर येते, तो बाहेरून धडधाकट दिसतो, त्याला गेटवर सगळ्यांसमोर सांगत बसायचं का?

डिस्नेने २०२४ मध्ये त्यांचा पास ऑटिझम आणि त्यासारख्या विकासात्मक अडचणी असलेल्यांपुरता आणला, व्हिडिओ कॉलवर बोलून ठरवतात, खोटं सांगितलेलं कळलं तर पार्कमध्ये कायमची बंदी. गर्दी कमी झाली असेल, पण ज्यांना शरीराचे आजार आहेत अशा कितीतरी लोकांना सांगितलं जातं की तुम्ही रांगेत लागा, लागेल तेव्हा बाहेर जा आणि परत येऊन आपल्या माणसांना गाठा. एकटा आलेला माणूस कोणाला गाठणार? माझ्या मुलीला या नियमात जागा मिळते, तरीही मला तो नियम चुकीचा वाटतो.

आता दुसरी बाजू पण सांगते कारण आमच्या पालकांच्या ग्रुपमध्ये यावर फार भांडणं झालीयेत. काही कुटुंबांनी डिस्नेवर केस केली होती की आमच्या मुलांना रिटर्न टाइमही झेपत नाही, थांबणं ही कल्पनाच झेपत नाही, ठरलेल्या क्रमाने राइड्स झाल्या नाहीत तर कोसळतात, म्हणून आल्या आल्या आत सोडा. २०२० मध्ये फ्लोरिडातल्या कोर्टाने डिस्नेच्या बाजूने निकाल दिला, पुढे अपिलातही तोच राहिला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की अमर्याद थेट प्रवेश दिला तर पार्क चालवण्याची पद्धतच मुळातून बदलेल. मला त्या आईवडिलांचं दुःख कळतं, अगदी आतून कळतं, पण निकाल मला योग्य वाटतो. मी माझ्या मुलीसाठी मागते ते थांबण्यापासून सुटका नाही, थांबायची जागा बदलून मागते. सावली, शांतता, हातात तिचे हेडफोन, आणि किती वेळ उरलाय ते दाखवणारं घड्याळ. एवढं मिळालं तर ती तास काढते.

रानजाई, दादांना हेही सांगा की संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांगांच्या हक्कांचा करार आहे, २००६ चा, त्याच्या ३०व्या कलमात खेळ, करमणूक, पर्यटन यात बरोबरीने भाग घेण्याचा हक्क लिहिलाय आणि मुलांच्या खेळण्याचा तर वेगळा उल्लेख आहे. मजा करणं ही वरची गोष्ट नाहीये, ती हक्कात धरलीये.

अजून एक, रांगेतल्यांना आमच्या मुलांचा राग येतो पण जास्त पैसे भरून फास्ट लेनने जाणारे त्यांच्या डोळ्यांसमोरून जातात तेव्हा कोणी काही बोलत नाही. डिस्नेचा फास्टपास फुकट होता, आता त्याच्या जागी विकत घ्यायची लायटनिंग लेन आहे. तासाच्या सीट तेवढ्याच. तिथून जाणारा प्रत्येक जण मुख्य रांगेतली एक सीट घेऊन जातो, आणि त्याला रांगेत उभं राहायला काहीच अडचण नसते.

उभा_प्रश्न

मिठाचा_खडा, विकतच्या पासबद्दल बरोबर बोललात, ते मलाही खटकतं, मी कधी घेत नाही. सर्टिफिकेटचं म्हणाल तर मी अजूनही म्हणेन काहीतरी तपासणी हवीच, नाहीतर २०१३ सारखं परत होईल. पण गेटवर नको, घरून आधीच अर्ज करून होऊ दे, आणि आजाराचं नाव न विचारता रांगेत काय जमत नाही ते विचारावं हे पटतंय.

चाकोरी

उभा_प्रश्न, अनुमोदन. काही ठिकाणी अशी पद्धत आहेच. ब्रिटनमध्ये अ‍ॅक्सेस कार्ड म्हणून एक कार्ड मिळतं, त्यावर निदान न लिहिता रांगेत उभं राहायला अडचण, सोबतीची गरज अशी चिन्हं असतात. कागद एकदाच तपासले जातात, ते कार्ड देणारे तपासतात. गेटवर उन्हात उभ्या असलेल्या वीस वर्षांच्या पोराने कोणाच्या आजाराची परीक्षा घ्यायची हे मला कधीच झेपलं नाही, आणि ते काम मला करावं लागायचं.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. चाकोरी यांचा ६८ आणि ८६ चा हिशोब मी घरच्या ग्रुपवर टाकला. वहिनी आधी गप्प झाली, मग म्हणाली ठीक आहे, भाच्याबरोबर ताई, भावजी आणि एक भावंड, बाकीचे नेहमीच्या रांगेत, आणि ते एक भावंड कोण हे दर राइडला बदलायचं म्हणजे सगळ्या पोरांना त्याच्याबरोबर बसायला मिळेल. दादा अजून पूर्ण पटलेला नाही. तो म्हणतो थांबायची वेळ सारखीच असेल तर माझी हरकत नाही, पण ते मी स्वतः बघणार. बघू दे. मी ताईला मिठाचा_खडा यांचा पूर्ण प्रतिसाद वाचून दाखवला, ती येतेय.

एकच विचारायचं राहिलं, रिटर्न टाइमच्या मधल्या वेळात त्याला कुठे बसवायचं? पार्कमध्ये शांत जागा असते का?

मिठाचा_खडा

बऱ्याच मोठ्या पार्कांत सेन्सरी रूम किंवा क्वाएट रूम असते, वेबसाइटवर अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या पानावर नकाशा मिळतो, जायच्या आधी डाउनलोड करा आणि त्याला दाखवून ठेवा. नसली तर फर्स्ट एडच्या खोलीत विचारा, सहसा नाही म्हणत नाहीत. आणि रांगेच्या आतला व्हिडिओ यूट्यूबवर शोधा, बहुतेक राइड्सचे असतात, कुठे अंधार आहे कुठे मोठा आवाज येतो ते त्याला आधी कळलेलं बरं. पहिली राइड त्याच्या आवडीचीच घ्या, गेट उघडल्या उघडल्या, तेव्हा रांग सगळ्यात लहान असते.