मदत हवी आहे: बाबांच्या फोनमध्ये 'स्पर्श अपडेट' नावाची फाइल

बाबा सुभेदार म्हणून निवृत्त झाले, पेन्शन स्पर्शवर, म्हणजे संरक्षण खात्याच्या पेन्शन पोर्टलवर आहे. परवा फोन आला, "जय हिंद साहब, रेकॉर्ड ऑफिस से बोल रहा हूँ. आपका लाइफ सर्टिफिकेट रिजेक्ट हुआ है, पेन्शन रुक जाएगी." हुद्दा, युनिट, निवृत्तीचं साल, त्याला सगळं तोंडपाठ. मग व्हॉट्सॲपवर एपीके फाइल (थेट ॲप टाकायची फाइल) आली. बाबांनी ती टाकून घेतली, एसएमएस वाचायची परवानगीही दिली. ओटीपी सांगणार तेवढ्यात आईने फोन हिसकावला. पैसे गेले नाहीत. ॲप मी काढून टाकलंय, पण तेवढ्याने भागतं का? बँकेला काय सांगू?

दुसरं जास्त अवघड. बँकेच्या नावाने आलेले फोन बाबा स्वतःच कापतात, पण 'रेकॉर्ड ऑफिस' (सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारं कार्यालय) ऐकलं की सावरून बसतात. युनिटच्या ग्रुपवर लोक पीपीओचे, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचे फोटो बिनधास्त टाकतात, "पेन्शन बरोबर लागली का बघा" म्हणून. माहिती तिथूनच फुटली असा माझा संशय. पण ग्रुपवर बोलायचं तर "सुभेदारसाहेब फसले" ही चर्चा त्यांना नकोय. फौजी घरातलं कुणी असेल तर सांगा, कसं समजावू?

प्रतिसाद:
ताई, फोन फॅक्टरी रीसेट कराच. त्याआधी दुसऱ्या फोनवरून स्पर्शचा आणि नेटबँकिंगचा पासवर्ड बदला, शाखेत सांगून यूपीआय थोडे दिवस बंद ठेवा. खात्यातून रुपया जरी हलला तरी लगेच १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लावा, तिथे उशीर महागात पडतो. आलेला नंबर संचार साथी या सरकारी पोर्टलच्या 'चक्षू'वर (संशयास्पद फोन कळवायची सोय) नोंदवा. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, दाखल्याच्या वेळी तेवढ्यापुरतं उघडायचं. हयातीचा दाखला बोटाचा ठसा, बुबुळ नाहीतर चेहरा दाखवून निघतो, फोनवर आकडे सांगून नाही.

आमचे अण्णा हवालदार होते. उपदेश केला की चिडायचे. शेवटी म्हटलं, "अण्णा, संतरी ड्यूटीवर 'थम, कौन आता है' विचारल्याशिवाय सीओसाहेबांना तरी आत सोडलं असतं का?" ते पटलं. आता फोन ठेवतात आणि स्पर्शच्या साइटवरचा नंबर स्वतः लावतात, नाहीतर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारतात. शिवाय ग्रुपवर कुणाचा पीपीओ दिसला की डिलीट करायला लावायचं कामही त्यांनी स्वतःकडे घेतलंय. सुभेदारसाहेबांना तेच काम द्या, त्यांचं तर ज्युनियर लोक निमूट ऐकतील.