लोह जास्त म्हणजे जिवाणू बळकट? अर्धंच खरं
कुणीतरी लिहिलंय, लोह मिळालं की जिवाणू फोफावतात. पण पेशीच्या आत हायड्रोजन पेरॉक्साइड साचलं, तर मोकळं फेरस (दोन धनभारांचं) लोहच घात करतं: दोन्ही मिळून हायड्रॉक्सिल मूलक (दिसेल त्याच्यावर तुटून पडणारा कण) तयार होतो आणि तो डीएनए तोडतो. म्हणून ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूमधलं ऑक्सीआर हे जनुकं चालू करणारं प्रथिन पेरॉक्साइडची चाहूल लागताच (त्यातल्या दोन सिस्टीन अमिनो आम्लांमध्ये बंध जुळतो, हीच कळ) कॅटलेज (पेरॉक्साइड फोडून पाणी आणि ऑक्सिजन करणारं विकर) वाढवतं, डीपीएस या प्रथिनाच्या पोकळ गोळ्यात लोह कोंडायला लावतं आणि मँगनीज आत ओढतं. लोहाच्या जागी मँगनीज बसवायची ही युक्ती मला तरी जास्त भारी वाटते.

आमच्याकडे सोलापुरात बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला स्लाइडवर पेरॉक्साइडचा थेंब टाकला की ई. कोलाय फसफसतो, दह्यातला लॅक्टोबॅसिलस सहसा ढिम्म, कारण त्याच्याकडे सहसा कॅटलेज नसतं. त्याच गोतावळ्यातला प्लँटारम हा जिवाणू तर भरपूर मँगनीज साठवून सुपरऑक्साइड (ऑक्सिजनचं घातक रूप) निस्तरतो.