आल्याचा चहा मधूनच नासतो, मसाल्याचा वासही कपात उतरत नाही. काय चुकतंय?

पहाटपाळी:

गेले सात महिने घरातला सकाळचा चहा मी करतो. आईच्या उजव्या हाताला कंप सुटला आणि भरलं पातेलं सांडशीने उचलणं धोक्याचं झालं, तेव्हापासून. ती ओट्याशेजारी खुर्ची टाकून बसते, मी गॅसपाशी उभा. दिवसातला तेवढा अर्धा तास आम्हा दोघांचाच असतो, म्हणून तो चहा चांगला व्हावा असं मला फार वाटतं.

माझी रीत अशी: दोन कप चहासाठी एक कप पाणी आणि सव्वा कप दूध एकत्रच पातेल्यात घेतो. त्यातच दोन चमचे साखर, दोन चमचे चहापूड, इंचभर आलं किसून आणि तयार चहा मसाला पाव चमचा. मंद आचेवर ठेवतो, वर आलं की दोनदा खाली बसू देतो आणि गाळतो.

तीन तक्रारी आहेत. पहिली, दर आठ-दहा दिवसांनी चहा नासतो. उकळी यायच्या आतच पांढरे कण दिसायला लागतात आणि खाली पिवळसर पाणी सुटतं. दुसरी, मसाल्याचा वास घरभर सुटतो, पण कपाला तोंड लावलं की नुसती झणझणी लागते, वास नाही. तिसरी, तळाशी गाळ राहतो आणि शेवटच्या घोटाला आईला ठसका लागतो. ही तिसरी मला सगळ्यात जास्त टोचते.

आईला विचारलं तर ती म्हणते, "अरे, मी कधी मोजलंय का? हाताला कळायचं." आता तिचा हात चालत नाही आणि माझ्या हाताला काही कळत नाही. कोणी नीट सांगेल का?

तीन_कप:

दूध शिळं असणार. आदल्या दिवशीचं दूध चहाला वापरू नका, सकाळी ताजं आणा. नासणं त्याशिवाय होत नाही.

पहाटपाळी:

मलाही आधी तेच वाटलं होतं. पण गेल्या गुरुवारी चहा नासला तेव्हा त्याच पिशवीतलं उरलेलं दूध लगेच वेगळं तापवून पाहिलं. छान वर आलं, सायही धरली. म्हणजे दुधात खोट नव्हती.

खलबत्ता:

पहाटपाळी, तुम्ही उरलेलं दूध तापवून पाहिलंत ते फार बरं केलंत. त्यावरून चोर सापडतो. चोर आलं आहे.

ताज्या आल्यात दुधातलं प्रथिन तोडणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. पपईच्या चिकात असतं त्याच जातीचं. दक्षिण चीनमध्ये तर गरम दुधात आल्याचा रस ओतून दूध मुद्दाम दह्यासारखं लावतात आणि तो गोड पदार्थ म्हणून खातात. हे विकर साधारण 60 अंशांच्या आसपास सर्वांत जोरात काम करतं आणि 70 च्या पुढे गेलं की लवकर निकामी होतं. आता तुमची रीत बघा. थंड दूध, त्यात किसलेलं आलं म्हणजे सगळा रस मोकळा, आणि खाली मंद आच. दूध त्या 50-65 अंशांच्या पट्ट्यातून रमतगमत जातं. आल्याला एवढा वेळ पुष्कळ झाला.

मग रोज का नासत नाही? कारण रोजचं आलं सारखं नसतं. ताज्या, रसाळ आल्यात जोर जास्त, सुकत आलेल्यात कमी. एखाद्या दिवशी आच जरा मोठी असते आणि दूध तो पट्टा पटकन ओलांडतं. दूध एक दिवसाचं असेल तर ते किंचित आंबटाकडे झुकलेलं असतं, चहा स्वतःही थोडा आम्ल असतो. या गोष्टी एकाच दिवशी जुळल्या की पातेल्यात पनीर. तीन_कप म्हणतात तेही खोटं नाही, जुनं दूध आल्याला मदत करतं. पण नुसतं दूध बदलून हे थांबणार नाही.

उपाय एकच: आल्याची आणि दुधाची गाठ उकळीनंतरच पडली पाहिजे. नुसत्या पाण्याचं आधण ठेवा, त्यात आलं घाला आणि खळखळ उकळू द्या, तीन मिनिटं तरी. आलं ठेचून मोठे तुकडे घालत असाल तर पाच मिनिटं, कारण तुकड्याच्या पोटापर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो. एकदा ते उकळलं की मग फ्रिजमधलं गार दूध थेट ओतलंत तरी काही होत नाही. मी वर्षानुवर्षं असंच करते आणि आल्यामुळे एकदाही चहा नासलेला नाही.

आता वासाचं. मसाल्यातला प्रत्येक जिन्नस वेगळ्या स्वभावाचा असतो आणि तुम्ही त्या सगळ्यांना एकाच गाडीत बसवताय. दालचिनी, मिरे, लवंग हे कडक लोक. ते आधणात आल्याबरोबरच जाऊ देत, त्यांना वेळ लागतो. वेलदोड्याचं उलट. त्याचा वास ज्या तेलात असतो ते फार उडून जाणारं. ते सुरुवातीला घातलं की वाफेबरोबर निघून जातं. घरभर जो दरवळ येतो ना, तोच तुमच्या कपातला वेलदोडा. तो दूध वर आल्यावर, अगदी शेवटी घाला, लगेच गॅस बंद करा आणि दोन मिनिटं झाकण ठेवा. झाकण काढताना त्याच्या आतल्या बाजूचं पाणी परत पातेल्यातच निथळू द्या.

तुम्हाला जी नुसती झणझणी लागते ती सुंठ आणि मिऱ्याची. आलं वाळून सुंठ होते तेव्हा त्याचा तिखटपणा वाढतो आणि ताज्या आल्याचा लिंबासारखा वास कमी होतो. तयार मसाल्यात सुंठ असतेच, वर तुम्ही ताजं आलंही घालता, म्हणजे तिखट दुप्पट. डबी उघडून चार-सहा महिने झाले असतील तर वेलदोडा त्यातून कधीच गेला, तिखट तेवढं उरलं.

म्हणून डबी बाजूला ठेवा. दोन कपांना दोन वेलदोडे, तीन मिरे, एक लवंग आणि नखाएवढा दालचिनीचा तुकडा. मिरे आणि लवंग खलबत्त्यात एकदाच चेचा, पूड करू नका. लवंग एकच, दुसरी घातली की जीभ बधिर होते आणि बाकीचं काही लागत नाही. जायफळ आवडत असेल तर शेवटी किसणीवर दोनदा फिरवायचं, त्याहून जास्त नाही.

यातच गाळाचंही उत्तर आहे. पूड गाळणीतून निसटते, चेचलेला मसाला निसटत नाही. त्यातही दालचिनीची पूड वाईट, गरम द्रवात ती बुळबुळीत होते आणि घशाला चिकटते. अख्खा तुकडा तसं करत नाही.

चहापूडही आधणातच, दूध घालायच्या आधी. दाणेदार चहा असेल, म्हणजे सीटीसी, तर दोन मिनिटं पुरे. ही पद्धत 1930 च्या सुमारास आसामात निघाली. काटेरी रुळांमधून पान चिरडून, फाडून, वळवून त्याचे दाणे करतात, त्यामुळे रंग आणि कडकपणा झटकन उतरतो. दहा-दहा मिनिटं उकळून फक्त काढा होतो. दोन मिनिटांनी आधण चाखून बघाल तर तुरट लागेल, घाबरू नका. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन त्या तुरटपणाला धरून ठेवतं. दूध पडलं की तोच कडकपणा गोल होतो. मात्र दुधातच पूड टाकली तर ती नीट उतरत नाही, चहा नुसता दुधाळ लागतो.

एक शेवटचं, चहाबाहेरचं. आईंना ठसका फक्त गाळामुळे लागत असेल तर तो आता थांबेल. साधं पाणी पितानाही लागत असेल तर डॉक्टरांच्या कानावर जरूर घाला.

गूळखडा:

खलबत्ताताईंचं सगळं पटलं, एक सोडून. वेलदोडा पूर्ण शेवटी नको. मी दाणे काढून घेते आणि सालं आधणात टाकते. सालांना मंद वास असतो, तो उकळून उतरतो. दाणे चिमूटभर साखरेबरोबर कुटून शेवटी. साखरेमुळे दाणे निसटत नाहीत आणि बारीक होतात. तुमच्या कपात गाळ नको असेल तर फक्त भरडच ठेवा.

आणि कधी गुळाचा चहा करावासा वाटला तर गूळ गॅस बंद केल्यावरच घाला, चहा जरा निवला की. उकळत्या दुधात गूळ पडला की तोही दूध नासवतो, जुना आंबूस गूळ तर हमखास. आमच्याकडे एकदा पंधरा माणसांचा चहा असा गेला आहे, पाहुणे बाहेर बसलेले असताना. तेव्हापासून मी गूळ कपातच घालते आणि वर चहा ओतते.

गाळासाठी: गाळल्यावर चहा लगेच कपात ओतू नका. दुसऱ्या भांड्यात मिनिटभर स्थिर ठेवा, मग अलगद वरचा ओता आणि तळाचे दोन चमचे सोडून द्या. आईंचा कप आधी भरायचा.

तीन_कप:

आल्याचं हे मला माहीत नव्हतं. माझ्याकडेही पावसाळ्यात नवं आलं आलं की चहा नासायचा आणि मी दूधवाल्याला बोलायचो. दूध म्हशीचं घ्यावं की गायीचं, यावर खलबत्ता काय म्हणतात?

खलबत्ता:

जे आवडेल ते. म्हशीच्या दुधात स्निग्धांश 6-7 टक्के, गायीच्यात 4 च्या आसपास. मसाल्याचे वास स्निग्धांशात चांगले मुरतात, म्हणून म्हशीच्या दुधाचा चहा भरदार लागतो, पण मग पाणी थोडं वाढवा, नाहीतर दुधाची चव वरचढ होते. गूळखडा, सालांचं तुमचं बरोबर आहे. मी ती चहापुडीच्या डब्यात टाकते, म्हणजे ती आधणातच पोचतात.

पहाटपाळी:

अकरा दिवसांनी लिहितोय, कारण नीट करून बघितल्याशिवाय आभार मानायचे नव्हते.

पहिल्या रविवारी दोन लहान पातेल्या शेजारी-शेजारी ठेवल्या. एकीत अर्धा कप दूध आणि किसलेलं ताजं आलं, मंद आच. दुसरीत आलं पाण्यात तीन मिनिटं उकळून मग तेवढंच दूध. पहिल्या पातेलीत चार मिनिटांत दूध जड झालं. वाफ नुकती दिसायला लागली होती, उकळीचा पत्ता नव्हता. चमचा फिरवला तर त्याच्यामागे क्षणभर वाट राहिली. मग कडेला बारीक दाणे दिसले आणि बघता बघता सगळं फुटलं. दुसरी पातेली शांतपणे वर आली आणि उतू जायला निघाली. आई खुर्चीतून वाकून बघत होती. म्हणाली, "अरे, पण आधी आधण, मग दूध, हेच तर मी करत होते." मी चाळीस वर्षं त्या स्वयंपाकघरात चहा प्यायलो, पण ती कधी काय घालते ते एकदाही बघितलं नव्हतं. आणि तिला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही, कारण तिच्या लेखी दुसरी रीत नव्हतीच.

आता रोज असं करतो: सव्वा कप पाणी, आलं, मिरे, लवंग, दालचिनी, वेलदोड्याची सालं, साखर. तीन-चार मिनिटांनी चहापूड. दोन मिनिटांनी एक कप दूध. दोनदा वर येऊ देतो, भरडलेले दाणे घालतो, गॅस बंद, झाकण. अकरा दिवसांत एकदाही नासला नाही, त्यात चार दिवस दूध आदल्या दिवशीचं होतं.

आणखी एक गोष्ट कळली ती लिहितो, कदाचित कोणाला उपयोगी पडेल. आई घड्याळ बघत नाही, ऐकते. नुसत्या आधणाचा आवाज मोकळा, खळखळ असतो. चहापूड पडली की फेस धरतो आणि तो आवाज दबतो. थोड्या वेळाने पूड फुगून खाली बसते, फेस विरतो आणि खळखळ परत वर येते. तेव्हा ती म्हणते, "घाल दूध." मी दोन दिवस मोबाईलवर वेळ लावून पाहिली. एकदा एक मिनिट पन्नास सेकंद, एकदा दोन मिनिटं पाच. खलबत्ताताईंची दोन मिनिटं आणि आईचा कान जुळतात.

ठसका गेला. पाणी पिताना तिला तो कधीच नव्हता, तरी परवाच्या तपासणीत डॉक्टरांना सांगून ठेवलं. गूळखडा म्हणतात तसा चहा मिनिटभर बसवतो आणि तिचा कप आधी भरतो.

वेलदोडे सोलायचं काम आईने स्वतःकडे घेतलं आहे. उजवा हात मांडीवर ठेवते आणि डाव्या हाताने, अंगठ्याच्या नखाने साल फोडते. वेळ लागतो, मी मध्ये हात घालत नाही. फक्त दोन वेलदोड्यांवर ती राजी नाही. दोन कपांना तीन लागतात, असं तिचं ठाम म्हणणं आहे, आणि वाटीत रोज तीनच पडतात.