युसेड बंद झाल्यानंतर येणाऱ्या विधेयकांचा उपयोग काय?

प्रश्न – अभ्यासू_वाचक

अमेरिकेची आंतरराष्ट्रीय विकास संस्था, म्हणजे युसेड, १ जुलै २०२५ रोजी औपचारिकरीत्या थांबली आणि तिचे उरलेले काम परराष्ट्र खात्याकडे गेले. त्यानंतर सप्टेंबरमध्ये प्रतिनिधी सभेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने या खात्याची नवी घडी बसवणारी विधेयके चर्चेला घेतली. माझी अडचण अशी आहे की, संस्था आधी मोडली आणि कायदा मागाहून येत आहे. मग या कायद्याने नेमके काय ठरणार? मदतीचे काम राजनैतिक अधिकाऱ्यांच्या हाताखाली जाणे योग्य आहे का, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर – संविधानप्रेमी

आपला प्रश्न रास्त आहे. अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष केनेडी यांनी १९६१ मध्ये युसेड स्थापन केली ती अध्यक्षीय आदेशाने. त्यामुळे आदेशाने आलेली संस्था आदेशाने गेली, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. १९९८ च्या पुनर्रचना कायद्याने माहिती सेवा आणि शस्त्रनियंत्रण संस्था परराष्ट्र खात्यात विलीन केल्या, पण युसेड वेगळी ठेवली आणि तिच्या प्रमुखाला परराष्ट्रमंत्र्यांच्या मार्गदर्शनाखाली आणले. म्हणजे संसदेने विचारपूर्वक ठेवलेली संस्था २०२५ मध्ये संसदेला न विचारता मोडली गेली.

नव्या विधेयकांचे महत्त्व इथेच आहे. या खात्यासाठी स्वतंत्र, सर्वंकष कायदा २००२ नंतर झालेलाच नाही. अलीकडे काही तरतुदी संरक्षण खात्याच्या वार्षिक कायद्याला जोडून मंजूर करून घेतल्या जातात. कोणता विभाग कशासाठी आहे आणि त्याने कोणाला हिशेब द्यायचा, हे कायद्यात लिहिलेले नसेल, तर पुढचा अध्यक्ष पुन्हा एका सहीने सारे बदलू शकतो. मोडतोड झाल्यावर का होईना, संसदेने हे काम हाती घेतले, याचे मी स्वागत करतो.

उत्तर – सोलापूरकर_आजोबा

मला दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहायचे आहे, कारण त्या मदतीचे अन्न मी खाल्ले आहे. १९६६ साली आमच्या गावच्या रेशन दुकानात लाल गहू मिळत असे. त्याची चपाती गार झाली की वातड व्हायची, तरी आई एक तुकडाही वाया जाऊ देत नसे. शाळेत दूधभुकटीचे पिंप यायचे. त्यावर पट्ट्यापट्ट्यांची ढाल आणि हातात हात दिल्याचे चित्र असे.

पुढे वाचनात आले की, पीएल ४८० या अमेरिकी अन्नमदत कायद्याखालच्या करारातील तो गहू त्या काळात अध्यक्ष जॉन्सन यांचे प्रशासन हात आखडून, थोडा थोडा सोडत होते. भारताने शेतीधोरण बदलावे हा त्यामागे एक हेतू होता आणि व्हिएतनाम युद्धावर भारताने केलेल्या टीकेचा रागही होता. जहाज कधी येणार यावर चूल अवलंबून असलेल्या देशाला राजनैतिक नाराजीची किंमत फार मोठी पडते. म्हणून उपासमार आणि औषधोपचार यांसाठीचा पैसा परराष्ट्रमंत्र्यांच्या मर्जीवर नसावा, असे माझे ठाम मत आहे. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने मदत गोठवल्यावर तृतीयपंथीयांसाठीचे हैदराबाद, कल्याण आणि पुणे येथील दवाखाने बंद पडले. तिथल्या रुग्णांचा वॉशिंग्टनच्या राजकारणाशी काय संबंध होता?

उत्तर – संविधानप्रेमी

आजोबा, आपला अनुभव मोलाचा आहे, पण त्यातूनच एक अडचण पुढे येते. जॉन्सन यांनी गहू अडवला तेव्हा युसेड अस्तित्वात होतीच. म्हणजे नुसती वेगळी पाटी लावून संरक्षण मिळत नाही. मंजूर झालेला पैसा खर्च करण्याचे बंधन सरकारवर आहे की नाही, हा खरा मुद्दा आहे.

१९७४ च्या कायद्यानुसार अध्यक्षाने निधी रद्द करण्याचा प्रस्ताव पाठवला की तो पैसा ४५ दिवस रोखता येतो. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस सुमारे ४.९ अब्ज डॉलरच्या मदतीसाठी असा प्रस्ताव आला आणि हे ४५ दिवस पुरे होण्याआधीच ३० सप्टेंबरला आर्थिक वर्ष संपत असल्याने संसदेने काहीच केले नाही तरी त्या निधीची मुदत संपणार होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही २६ सप्टेंबरला त्यातील सुमारे ४ अब्ज डॉलर रोखून धरण्याची मुभा दिली.

प्रश्नकर्त्याचे उत्तर – अभ्यासू_वाचक

दोघांचेही मनापासून आभार. मी आजवर विधेयकांत केवळ विभागांची रचना वाचत होतो. आता निधीच्या मुदतीविषयीची कलमे आधी काढून वाचेन, आणि ती पळवाट तशीच ठेवलेली दिसली तर याच धाग्यावर कलमासह लिहीन.