'स्मूथ' स्कॉचला मराठीत काय म्हणायचं?

पाटीपेन्सिल:
परवडणाऱ्या ब्लेंडेड स्कॉचबद्दल मराठीत कुणीही लिहिलं की एकच शब्द येतो, 'स्मूथ'. रेड लेबल स्मूथ आहे, टीचर्स तितकी स्मूथ नाही, वगैरे. याला मराठी शब्द हवा आहे. मऊ, मुलायम, गुळगुळीत यांतला कुठला चालेल? जमल्यास 'ब्लेंडेड', 'स्मोकी' आणि 'फिनिश' (गिळल्यावर तोंडात रेंगाळणारी चव) यांनाही सुचवा.

दर्याकाठी:
मुलायम कापड असतं, गुळगुळीत फरशी. चवीला 'मवाळ' बसतो. उलट टोकाला 'जहाल' तयारच आहे, आणि ही जोडी आपल्याला शाळेच्या इतिहासापासून ओळखीची आहे.

पण नुसता शब्द बदलून भागणार नाही. 'स्मूथ नाही' या एका तक्रारीत तीन तक्रारी दडलेल्या असतात. नाकात झिणझिण्या आणते ती उग्र. तोंडात आणि घशात भाजते ती जळजळीत. गिळल्यावर सुपारी खाल्ल्यासारखी जीभ आवळते ती तुरट. मराठीत तिन्हींना वेगळे शब्द आहेत, कारणंही वेगळी आहेत.

तुरटपणा ओकच्या पिंपाच्या लाकडातून येतो. जळजळ मुख्यतः अल्कोहोलच्या प्रमाणामुळे. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक बाटल्यांवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. हा आकडा जुन्या ब्रिटिश मापातून आलाय: तिथं १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के, त्याचे ७५ प्रूफ म्हणजे ४२.८. ब्रिटनमध्ये हीच स्वस्त ब्लेंड्स सहसा ४० टक्क्यांची असतात. उग्रपणाचं कारण पुष्कळदा वय. स्कॉच कायद्यानं किमान ३ वर्षं पिंपात मुरावी लागते. बाटलीवर वय छापलं असेल तर ते आतल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचं असतं, आणि छापलंच नसेल तर आत ३-४ वर्षांचा मालही असू शकतो. 'यंग' व्हिस्कीला मी 'कोवळी' म्हणेन. 'ताजी' म्हटलं तर ते कौतुक वाटतं.

पाटीपेन्सिल:
पण ग्लास हातात असताना ही उग्र की नुसती जळजळीत, हे ओळखायचं कसं?

दर्याकाठी:
पाण्यानं. तोंडाशी निमुळता होणारा ग्लास घ्या, साबणाचा वास जाईपर्यंत धुतलेला. त्यात २० मिली कोरी व्हिस्की. ('नीट'ला 'कोरी' हा शब्द आहेच, कोऱ्या चहातला.) उन्हाळ्यात आपल्याकडे खोली ३२ अंशांवर असते, त्यात अल्कोहोलची वाफ नाकावर धावून येते. म्हणून बाटली आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून २० अंशांच्या आसपास आणा. बर्फ नको, थंडीनं वास दबतो.

नाक ग्लासात खुपसू नका. काठापासून बोटभर वर धरा, तोंड किंचित उघडं ठेवा. मग छोटा घोट, चमचाभर. पहिला घोट फक्त तोंड सरावावं म्हणून, त्यावरून मत बनवू नये. दुसरा जिभेवर घोळवा.

आता चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिली पाणी घाला. ४२.८ टक्क्यांची व्हिस्की साधारण ३४ वर येते, दुसऱ्या चमच्यानं साडेअठ्ठावीसवर. एका चमच्यात झिणझिण्या बसल्या आणि पेर-सफरचंदासारखा वास वर आला, तर दोष फक्त अल्कोहोलच्या जोराचा होता. दोन चमच्यांनंतरही नेलपॉलिशसारखा वास राहिला तर व्हिस्की कोवळी आहे, तिला 'उग्र' म्हणा. पाण्यानं गोडी पातळ होऊन कडवटपणा आणि तुरटपणा उघडा पडतो, तोही तेव्हाच नोंदवा. पाणी बोअरचं नको, त्याची खारट चव सगळ्यावर बसते.

मसाला शेंगदाणे आणि शेव नंतर. 'चाखणे' आणि 'चखणा' हे शब्द सख्खे असले तरी चाखताना चखणा अडथळाच आहे. तिखटानं आधीच पेटलेल्या जिभेला मवाळ व्हिस्कीही जळजळीत लागते.

सुंठवडा:
'ब्लेंडेड'बद्दल. 'मिश्र' म्हणावं, 'मिसळलेली' म्हणू नये, कारण त्या शब्दाला भेसळीचा वास येतो. इथं भेसळ काहीच नाही. माल्ट व्हिस्की आणि ग्रेन व्हिस्की, दोन्ही स्कॉटलंडमध्येच गाळलेल्या आणि मुरवलेल्या, यांचा मेळ म्हणजे मिश्र स्कॉच. माल्ट ही जवाला मोड आणून, वाळवून केलेली. आपण नाचणीचं सत्त्व करताना मोड आणतो, त्याच तत्त्वावर: मोड येताना धान्यातल्या पिष्टाची साखर करणारी द्रव्यं तयार होतात. ग्रेन मुख्यतः गव्हाची किंवा मक्याची, सलग चालणाऱ्या उंच भट्टीतून काढलेली, हलकी. (अशा भट्टीचं पेटंट इनियस कॉफी यांनी १८३० साली घेतलं.) धणे दरवर्षी सारखे येत नाहीत, तरी घरच्या गोड्या मसाल्याची चव तीच राहते, कारण करणारी बाई प्रमाण हातानं जुळवते. व्हिस्कींचा मेळ जुळवणाऱ्या माणसाचं, म्हणजे ब्लेंडरचं काम नेमकं हेच.

रंगावरून वय ठरवू नका. पाण्याखेरीज साधा कॅरमेल रंग घालायची कायद्यानं मुभा आहे.

लेबलही नीट वाचा. 'ब्लेंडेड स्कॉच व्हिस्की' आणि 'स्कॉच मिसळलेली भारतीय व्हिस्की' या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिली भारतात बाटलीबंद झाली तरी स्कॉचच राहते, फक्त पिंपांतून काढून मोठ्या टाक्यांतून इकडे आलेली असते.

दर्याकाठी:
'मेळ' छान. 'मेळाची स्कॉच' असंही म्हणता येईल.

ओलीचूल:
'स्मोकी'ला सरसकट 'धुरकट' लिहू नये. धुराच्या तीन जाती वेगळ्या ठेवा. चुलीवरच्या दुधाला लागतो तो धुरकट. तळाला लागलेल्या भाताचा तो करपट. तिसरा औषधी, आयोडीन लावलेल्या पट्टीसारखा, स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या काही व्हिस्कींत येणारा. मूळ कारण पीट, भूगोलाच्या पुस्तकातला पीट कोळसा. जव वाळवताना तो जाळतात आणि धूर दाण्यात मुरतो. टीचर्समधला महत्त्वाचा माल्ट आर्डमोर डिस्टिलरीचा, तिची स्थापना १८९८ची. ही डिस्टिलरी स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवर आहे. तिचा धूर चुलीचा, औषधी नव्हे. म्हणून टीचर्सला 'कमी स्मूथ' म्हणणं चूक वाटतं. ती धुरकट आहे, आणि धुरकट म्हणजे जहाल नव्हे.

पाटीपेन्सिल:
आणि 'फिनिश'?

सुंठवडा:
सतारीची तार छेडल्यावर मागे राहते ती 'आस'. तोच शब्द इकडे घ्यावा.

ओलीचूल:
'आस' वाचून लोकांना आधी आशाच आठवेल. 'मागची चव' पुरे. लांबी सांगायची तर गिळल्यापासून मनात आकडे मोजा: दहाच्या आत विरली तर आखूड, तीसच्या पुढे गेली तर लांब.

सगळे शब्द एकत्र वापरून टीचर्सची नोंद अशी करता येईल: 'कोरी हुंगली तर नाकात थोड्या झिणझिण्या, एका चमचा पाण्यात त्या बसतात. आधी मध, मग पिकलं पेर, त्यामागून चुलीचा धूर. जिभेवर मध्यम दाट, जळजळ बेताची. मागची चव वीसपर्यंत, शेवटी जराशी तुरट आणि धुरकट.'