लॅपटॉपमधली रेड ० मोडावी का? माझं मत: मोडाच

धागाकर्ता: माझ्या लॅपटॉपमध्ये ५१२ जीबीचे दोन एसएसडी रेड ० मध्ये (दोन डिस्क एकत्र करून एकच म्हणून वापरायची पद्धत) जोडूनच आले होते. विंडोजला १ टीबीची एकच डिस्क दिसायची. फाइलचे तुकडे अर्धे इकडे, अर्धे तिकडे. एक एसएसडी गेला, तर दुसऱ्यावर उरलेलं कशाच्याच कामाचं नाही. महिन्यापूर्वी सुरू करताना काळ्या पडद्यावर लाल अक्षरांत 'फेल्ड' आलं आणि पोटात गोळा आला. मुलीच्या बारशाचे फोटो दुसरीकडे कुठेच नव्हते. दोनदा बंद-चालू केल्यावर मशीन उठलं. त्याच रात्री सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवलं आणि रेड मोडली. लॅपटॉप बॅगेत हिंदकळतो, तापतो. त्यात धोका दुप्पट का करायचा?

व्हिडिओवाला: अजिबात पटलं नाही. चूक बॅकअप न ठेवण्याची, रेडची नव्हे. मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो, मला वेग लागतो.

धागाकर्ता: बॅकअपची चूक माझीच, मान्य. पण वेगाचा हिशेब करा. ४०० मेगाबिटचं फोर-के फुटेज म्हणजे सेकंदाला ५० एमबी. चार कॅमेरे एकदम चालवले तरी २००. एकटा एनव्हीएमई (वेगवान प्रकारचा एसएसडी) सेकंदाला ३,००० एमबीच्या आसपास वाचतो.

व्हिडिओवाला: वेगाचं सोडतो. जागेचं काय? ७०० जीबीचा प्रोजेक्ट ५१२ च्या डिस्कवर मावत नाही, आणि दोन डिस्कांवर विभागला की प्रोजेक्टमधून फुटेजकडे जाणाऱ्या लिंका तुटतात. मूळ फुटेज माझ्याकडे बाहेरच्या दोन डिस्कांवर असतं. मी रेड ० च ठेवणार.

तिसरा: मग रेड १ करा ना. दोन्हीकडे तीच प्रत, एक गेला तरी काम चालू.

धागाकर्ता: जागा निम्मी होते, आणि चुकून डिलीट केलेली फाइल दोन्हीकडून त्याच क्षणी जाते. तो बॅकअप नव्हे.

दुरुस्तीवाला: मोडणाऱ्यांनी आधी हे वाचा. रेड ० मोडली की दोन्ही डिस्क कोऱ्या होतात, विंडोज नव्याने टाकावं लागतं. बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा. एकच डिस्क असून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी लॅपटॉपची मूळ सेटिंग) नुसता मोड 'रेड' असेल, तर थेट एएचसीआय (रेडशिवायचा साधा मोड) करू नका, निळा पडदा येतो. आधी विंडोज सेफ मोडमध्ये (फक्त गरजेपुरत्या गोष्टींवर) सुरू होईल असं सेट करा, मग रीस्टार्ट करताना बायोसमध्ये मोड बदला. सेफ मोडमध्ये एकदा नीट उठलं की ते सेटिंग काढा. माझ्याकडे येणारी निम्मी माणसं ही एक पायरी चुकलेली असतात.

व्हिडिओवाला: रिकव्हरी की लिहून ठेवली. रेड मात्र तशीच.